सकाळची विद्यार्थिनी, दुपारची बाई

धुळ्यात धावणाऱ्या माणसाला कुणी सुखानं धावू देत नसे. कुणी अडवायचं नाही, वाईटही बोलायचं नाही. उलट माया करायचे, आणि त्या मायेनंच माझा जीव मेटाकुटीला यायचा. पहाटे पाचला मी देवपुरातल्या खोलीवरून निघायची, पांझरेचा पूल ओलांडून गावाबाहेरच्या हायवेला लागायची आणि लळिंगच्या दिशेनं दोन फर्लांग जात नाही तोच मागून कुणीतरी गाडी हळू करायचं. एका दूधवाल्यानं तर पहिले पंधरा दिवस माझी पाठच सोडली नाही. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली एम-एटी माझ्या बरोबरीनं चालवत तो विचारायचा, “काय व्हयनं व माय? दवाखानामा जानं शे का? बस, सोडी देस.”

मी धापा टाकत नुसती मान हलवायची. त्यानं तो आणखीच काळजीत पडायचा. “कोन मरी गयं का?”

त्याची काही चूक नव्हती. आमच्याकडे माणूस पळतो तो एस.टी. सुटत असली तर, खळ्याला आग लागली तर, नाहीतर कुणाचं बरंवाईट झालं तर. ओढणी कमरेला बांधून एक तरणीताठी मुलगी उजाडायच्या आत उगाचच पळते आहे, हे त्या माणसाच्या डोक्यात शिरायला पंधरा दिवस लागले. शिरलं तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, “पयीसन काय भेटस?” पळून मिळायचं काय? मी नुसता वेग वाढवला.

मी सावद्याकडची. वडील केळीच्या बागांतून घड उतरवून ते गाड्यांत भरून देणाऱ्या मजुरांचे मुकादम. धुळं आमच्या घरापासून फार तर पाच तासांवर, पण आईच्या लेखी मी परदेशी गेले होते. “पोरगी परदेशात हाये का?” असं शेजारणी तिला चिडवायच्या तेव्हा ती गंभीरपणे हो म्हणायची. तिचं अगदीच चूक होतं असं नाही. आमच्याकडची बोली वेगळी, इथली अहिराणी वेगळी. पहिले दोन महिने घरमालकीण अक्का माझ्याशी बोलायच्या तेव्हा मी अर्धं समजून घ्यायची आणि अर्ध्याला हसायची. चुकीच्या जागी हसले की त्या माझ्याकडे बघून मान हलवायच्या.

धुळ्याला मी आले एम.ए. करायला, भूगोल घेऊन. राहिले मात्र तीन कामं अंगावर घेऊन, आणि ती तिन्ही माझीच हौस होती, हे आधीच कबूल करते. पहाटे धावणं. साडेसात ते साडेदहा कॉलेज. बारा ते साडेपाच एका मुलींच्या शाळेत आठवी ब, रजेवर गेलेल्या बाईंच्या जागेवर. त्यानंतर वाचनालय बंद होईपर्यंत वाचनालय. मधल्या वेळात अक्कांच्या न्हाणीघरात अंघोळ, पंजाबी ड्रेस काढून साडी, वेणी सोडून अंबाडा, आणि चालता चालता दोन केळी. वडील ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर दर आठवड्याला केळी धाडायचे. केळी खाऊन खाऊन मला केळीच्या वासाचा वैताग आला होता, पण उभ्याउभ्या, पुस्तक हातात धरून, पदर सावरत खाता येईल असं दुसरं काही मला सापडलं नाही.

त्या दिवसांत मी बसले की माझा पाय हलत राहायचा. कॉलेजात सर वाऱ्यांचे पट्टे शिकवायचे आणि मी मनात आठवी ब च्या वह्या तपासायची. शाळेत मुली नकाशा काढायच्या आणि मी खिडकीतून ऊन बघून ठरवायची, उद्या सकाळी किती लांब जायचं. धावताना निदान डोकं रिकामं असावं, तर तिथं टिपणं पाठ करायची. अक्का म्हणायच्या, “ऐक पोरी, किती कामे करस! बठ्ठं एकदम करशी ते एक बी धड व्हवाव नही.” त्यांची अहिराणी तोवर मला समजायला लागली होती आणि नेमकं हेच वाक्य समजलं म्हणून मला राग आला. मी त्यांच्याशी दोन दिवस तुटक बोलले.

आता मुख्य गोष्ट सांगते. मला विद्यापीठाच्या संघातून धावायचं होतं. आमचं विद्यापीठ तेव्हा नवंनवं होतं. मुलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी त्याचा संघ निघायचा आणि देशभरातल्या विद्यापीठांविरुद्ध धावायला जायचा. संघात सहा मुली. आदल्या वर्षी निवड चाचणीत मी सातवी आले होते. सातवीला काहीच मिळत नाही, तिचं नावसुद्धा कागदावर नसतं. सहावी आणि माझ्यात चार पावलं होती. ती चार पावलं मी वर्षभर रोज मोजत होते. आणि वयाच्या नियमानं हे माझं शेवटचं वर्ष होतं. या वर्षी झालं तर झालं, नाहीतर जन्मात नाही.

आणखी एक नियम होता. संघात फक्त पूर्णवेळ विद्यार्थी चालत. नोकरी करणारी मुलगी चालत नसे.

कॉलेजातले खेळाचे सर अर्ज भरून घेत होते. मोठा सरळ माणूस, गळ्यात शिट्टी आणि खिशात कायम पेनं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “नोकरीबिकरी नाही ना कुठे?”

“नाही,” मी म्हणाले.

इतकं सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी खूण केली, मी सही केली, आणि तिथून निघून साडी नेसून शाळेत गेले आणि तिथल्या मस्टरवर सही केली. एकाच दिवशी, एकाच पेनानं.

शाळा सोडायची होती, असं तुम्ही म्हणाल. सोडता आली असती. पण ती मला पहिल्यांदा स्वतःच्या बळावर मिळालेली गोष्ट होती, घरून काही न मागता राहण्याची सोय होती, आणि खरं सांगायचं तर आठवी ब मला सोडवेना. छत्तीस मुली. अर्ध्या पायी यायच्या, काही शेतातली कामं उरकून यायच्या. भूगोलात त्यांना रस नव्हता. सातपुडा कुठे आहे विचारलं की उत्तरेकडच्या खिडकीकडे बोट दाखवायच्या, नकाशाकडे नाही. पण खेळाच्या तासाला मी त्यांना मैदानाभोवती पळायला लावलं तेव्हा त्या अनवाणी पळाल्या, आणि त्यातल्या पाचसहा जणी अशा पळाल्या की मी तोंडाला शिट्टी लावून तशीच उभी राहिले. त्यानंतर तो तास मी कधी चुकवला नाही.

मग लपवाछपवी सुरू झाली. खेळाच्या सरांचं घर शाळेच्या वाटेवर होतं, म्हणून मी लांबच्या गल्लीनं जायची. रिक्षात बसले तर पदर डोक्यावरून घ्यायची. सावद्याच्या घरी कधी घेतला नाही तो धुळ्यात घेतला. एकदा भाजीबाजारात सर समोरून आले. मी साडीत होते. मी वांग्यांच्या ढिगामागे उकिडवी बसले आणि भाजीवालीशी इतका वेळ घासाघीस केली की ती वैतागून म्हणाली, “घे व माय, फुकट ली जाय.” हे आता हसून सांगते आहे. तेव्हा सर बाजाराबाहेर पडेपर्यंत मी वांग्यांमागून उठले नव्हते.

शाळेत मात्र फार दिवस लपलं नाही. तो दूधवाला आठवी ब मधल्या एका मुलीचा बाप निघाला. खिडकीजवळ बसणारी ही मुलगी. वर्गात सगळ्यांत वेगानं धावायची आणि सगळ्यांत कमी बोलायची. एके दिवशी हजेरी घेताना तिनं उभं राहून सांगितलं, “बाई, मना बाप सांगे, तुमी हायवेवर पयतस.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. साडीतली, खडूनं बोटं भरलेली बाई पळते कशी, हे त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना. मी म्हटलं, हो, पळते. कशाला, तर विद्यापीठाच्या संघासाठी. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी फळ्यावर सगळं काढून दाखवलं, किती अंतर, किती मुली, सहावी कोण आणि सातवी कोण. सातवीपाशी मी खडू इतका जोरात दाबला की तो मोडला. त्या दिवसापासून रोज पहिल्या तासाला प्रश्न यायचा, “बाई, आज किती पयनात?”

चाचणी जळगावला होती. पहाटेच्या एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत पोचले तेव्हा पाय बसून बसून जड झाले होते. वडील सावद्याहून आले होते, धुतलेल्या धोतरात, हातात पिशवी. मला बघून म्हणाले, “निंबाखाली उभा राहतो, तू पय.” एवढंच. त्यांनी आयुष्यात शर्यत पाहिली नव्हती.

सुरुवात मैदानातून, मग केळीच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्यानं लांब वळसा आणि परत मैदानात. बागांना रात्री पाणी दिलेलं होतं, रस्त्याच्या कडा चिकट झाल्या होत्या. मी पहिल्यापासून नववी-दहावी होते. वळशाच्या टोकाला आठवी. परतीच्या वाटेवर एकीला पोटात कळ आली, ती बाजूला झाली, आणि मी सातवी. मैदानाचं फाटक दिसलं तेव्हा माझ्यापुढं दहाबारा पावलांवर एक भुसावळची मुलगी होती. तिचे बूट नवे होते, पांढरेशुभ्र. मी त्या बुटांकडे बघत पळत राहिले. मला त्या मुलीचा भयंकर राग आला. तिनं माझं काही केलं नव्हतं, पण ती माझ्या जागी पळत होती. शेवटच्या वळणावर मी तिच्या खांद्याला खांदा लावला, आणि ओळ ओलांडली तेव्हा मी सहावी होते. कितीनं, ते मला माहीत नाही. ती माझ्यामागे गवतावर पडून रडत होती आणि मी उभ्याउभ्या हसत होते.

वडील जवळ आले. पिशवीतून पाण्याची बाटली काढत म्हणाले, “सहावी काऊन व? त्या पुढच्या पाच जनी काय खाता?”

मी म्हटलं, केळी नक्की खात नसतील. त्यावर ते हसले आणि वळून डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी गप्प बसायला हवं होतं. मस्टरवर सही करून वर्गात गेले, छत्तीस तोंडं वर झाली, कुणी काही विचारलं नाही, आणि मी हजेरीपुस्तक उघडायच्या आधीच म्हणाले, “सहावी.” मग जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन उभ्या राहिल्या तरी थांबला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे, तेव्हा तर फारच होती. चौकाचौकात तरुण मंडळाचा काळा फलक असायचा, वर मंडळाचं नाव रंगवलेलं, खाली खडूनं लिहायला मोकळी जागा. गावात कुणी गेलं तर त्यावर दुःखद निधन, कुणाचा मुलगा फौजदार झाला तर हार्दिक अभिनंदन. रंगीत खडू, फुलांची वेलबुट्टी, खाली शुभेच्छुक म्हणून नावं. फलकावर आलं म्हणजे ते खरं, वर्तमानपत्रात काय वाटेल ते येवो. आनंद झाला तर तो फलकावर लिहायचा असतो, हे आठवी ब च्या मुलींना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुलाच्या अलीकडच्या चौकात मी धावता धावता थांबले. दिव्याखाली फलक होता. वर पिवळ्या खडूनं माझं नाव, आडनावासकट. खाली, ‘आमच्या शाळेतील लाडक्या बाईंची विद्यापीठाच्या धावण्याच्या संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : इयत्ता आठवी ब च्या सर्व विद्यार्थिनी.’ बाजूला चित्र. एक बाई नऊवारी नेसून पळते आहे, हातात पट्टी. आधीचं दुःखद निधन नीट पुसलं गेलं नव्हतं, त्यातलं ‘दुःखद’ माझ्या आडनावाखालून अजून दिसत होतं.

हाच चौक ओलांडून खेळाचे सर रोज सात वाजता कॉलेजला जायचे.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. कमरेची ओढणी सोडली, थुंकी लावली, आणि पुसायला लागले. आधी ‘शाळेतील’. मग ‘बाईंची’. मग वाटलं, एवढंच पुसलं तर संशय येईल, म्हणून सगळंच पुसलं. चित्रातली बाई शेवटी राहिली. तिच्या पायांत त्यांनी बूट काढले होते, नाड्यांसकट. मी ते पुसले आणि धावत सुटले. त्या दिवशी मी लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत गेले असेन, परत कशी आले ते आठवत नाही. ओढणी पिवळी झाली होती, अक्कांनी विचारलं तर म्हटलं हळद लागली.

दुपारी वर्ग पेटलेला होता. “बाई, कोन्ही तरी पुशी टाकं!” कुणीतरी जळतं आपल्यावर, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यांनी आपसांत तपास चालवला होता, शेजारच्या शाळेतल्या मुलांवर वहीम होता. मी म्हटलं, जाऊ द्या, फलक काय, रोजच पुसला जातो. पुन्हा लिहू नका. हे मी अशा आवाजात म्हणाले की त्यांना वाटलं बाईंना वाईट वाटलं.

त्यामुळे त्यांनी दुसऱ्या दिवशी ते ऑइल पेंटनं लिहिलं.

सरांनी मला जिमखान्याच्या खोलीत बोलावलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मी अर्धी झाले. “चौकात लिहिलंय ती तूच ना?” मी हो म्हटलं. “मला विचारलं होतं तेव्हा नाही म्हणालीस.” त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, “बघ, मी काही हे लिहून वर कळवणार नाही. पण दुसऱ्या कॉलेजचं कुणी तक्रार करेल. सातवीचं कॉलेज टपूनच असतं. तुझ्या शाळेकडून एक पत्र आण. ही आमच्याकडे नोकरीला नाही, कधीमधी हौसेनं येते, एवढंच. चौकशीला कुणी आलंच तर शाळेत सगळ्यांनी तेच सांगायचं. आणि तो फलक आधी काढायला सांग.”

मी शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले. वाटलं, त्या मला दारातूनच हाकलतील. त्यांनी चष्मा पुसला, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “एवढंच ना? देते की पत्र. आपली मुलगी पुढे जात असेल तर एक कागद काय मोठा.” मस्टरचं पान बदलायलाही तयार झाल्या. फक्त म्हणाल्या, “मुलींना तू स्वतः सांग. मुली भोळ्या असतात, काहीतरी बोलून बसतील.”

मग मी वर्गात गेले. शेवटचा तास होता. दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. नियम सांगितला, नोकरी लपवल्याचं सांगितलं. फलक मी पुसला होता, तेवढं सांगितलं नाही. म्हटलं, एखादा साहेब येईल, विचारेल, या तुमच्या वर्गशिक्षिका का? तर तुम्ही काय सांगायचं?

मग पहिल्या बाकावरची म्हणाली, “नाही म्हणून सांगायचं.”

“कशा सांगाल? सगळ्यांनी एकसारखं सांगायला हवं.”

त्यांना ते एकदम आवडलं. कवितेसारखं पाठ करायचं होतं ना. मॉनिटरनं उभं राहून साहेबाचं सोंग घेतलं, छाती काढून, जाड आवाजात, “या कोन शेतस?” आणि छत्तीस मुली एका सुरात, शुद्ध पुस्तकी मराठीत, जशी मीच त्यांना सवय लावली होती तशा म्हणाल्या, “माहीत नाही साहेब. या आमच्या बाई नाहीत.”

“पुन्हा.”

“माहीत नाही साहेब. या आमच्या बाई नाहीत.”

मॉनिटर म्हणाली, मागच्या रांगेचा आवाज कमी येतो. म्हणून पुन्हा. कुणी हसत नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, बरोबर होतंय ना, म्हणून. चौथ्या वेळेला त्यांनी ते इतकं चोख म्हटलं की कुणीही विश्वास ठेवला असता. मी टेबलाला धरून उभी होते. मला त्या वाक्याची भीती वाटली. एवढ्या साध्या वाक्याची भीती वाटेल असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी खोटं बोलले होते, सही केली होती, भाजीबाजारात वांग्यांमागे लपले होते, त्यांचं चित्र माझ्या हातांनी पुसलं होतं, आणि यातलं काहीही मला अडलं नव्हतं. पण त्या छत्तीस जणींनी माझ्यासाठी ते म्हटलं, आणि ते मला ऐकवेना. मी म्हटलं, पुरे. घंटा व्हायच्या आत त्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की मी नोकरी करते, खरीखुरी, मस्टरवर सही करून, आणि भुसावळच्या मुलीला कळवा. सर चिडले. “कोण एवढं बघायला बसलंय?” म्हणाले. “वर्षभर पळालीस ती याचसाठी?” मी म्हटलं, हो, याचसाठी. आणि खोलीच्या बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे उभी राहून रडले, आवाज करून.

लोकांना ही हकीकत सांगितली की ते म्हणतात, बरं केलंस, शाबास. मला ते आवडत नाही. मला ती शर्यत धावायची होती. आजही एखादी मुलगी छातीवर विद्यापीठाचं नाव लिहिलेला बनियन घालून पळताना दिसली की मी नकळत चार पावलं तिच्यामागे पळते, आणि वय झालं म्हणून ते कमी होत नाही.

संघ निघाला त्या दिवशी मी नेहमीसारखी बाराला शाळेत गेले. आठवी ब ला वाटत होतं मी गाडीत असेन. मला दारात बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या, पण नमस्ते कुणी म्हटलं नाही. मी सांगितलं, नाही गेले. मी सरांना खरं सांगून टाकलं. तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलायला लागू नये म्हणून, असंही म्हणाले. मला वाटलं होतं त्या खूश होतील.

खिडकीजवळची ती मुलगी उभी राहिली. तिच्या बोटांना अजून ऑइल पेंट होता.

“आमी खोटं बोलाले तयार व्हतूत, बाई,” ती म्हणाली. “तुमीच घाबरी गयात.”

आणि ती खाली बसली आणि तिनं भूगोलाचं पुस्तक उघडलं. तिच्यापाठोपाठ बाकीच्यांनीही उघडलं. मी फळ्याकडे वळले, कारण मला त्यांच्याकडे बघता येत नव्हतं, आणि कुठला धडा चालू होता ते मला आठवेना.